डीपीचा षड्ज

आमच्याकडे पेटी नाही. तानपुऱ्याचं ॲप आहे,
पण हेमांगीचा फोन मंगळवारी नेमका मुलाच्या हातात असतो.
म्हणून आम्ही सूर घेतो
सोसायटीच्या भिंतीपलीकडल्या डीपीकडून.
ऐरोली, सेक्टर सतरा, पार्किंगमधला शेवटचा खांब:
तिथे महावितरणचा राखाडी पेटारा
रात्रंदिवस एकच स्वर धरून उभा असतो,
पांढरी पाचच्या जरासा वर.
रेजिनाने एकदा मोजला. आम्ही विश्वास ठेवला.
कवटीखाली लिहिलंय, सावधान.
आम्ही सावधपणे आ करतो.

रेजिना वर. ती चर्चमध्ये वाढली,
चार आवाज चार वाटांनी निघाले तरी तिला धास्ती वाटत नाही.
तिच्याखाली प्रमिला घरत, गोठिवलीची.
आई धवलारीण, वाद्याशिवाय अख्खी हळद पार पाडणारी.
दम तिकडूनच आलाय.
हेमांगी मधली: असते तेव्हा ऐकू येत नाही,
श्वास घ्यायला थांबली की भिंतीतली वीट निघाल्यासारखं होतं.

आणि खाली मी.
पाचवीत बाई म्हणाल्या, तू नुसते ओठ हलव.
छत्तीस वर्षं हलवले.
सासरच्या गणपतीत, ऑफिसच्या निरोपसमारंभात,
पोरीच्या बारशाला, तिच्याच पाळण्यापाशी.
गॅसवाला फोनवर अजून मला साहेब म्हणतो.

अवघड काय होतं, सांगू?
लहानपणापासून एवढंच ऐकलेलं: सुरात सूर मिसळ.
शेजारणीचा कानावर आला की आपला ओघळतो तिच्याकडे,
ताटात आमटी भाताकडे जाते तसा.
रेजिना कपाळाला हात लावायची:
माझ्याकडे येऊ नका गं!
आपापल्या घरात राहा,
फक्त दार उघडं ठेवा.
तीन महिने लागले आम्हाला
दार उघडं ठेवून घरात राहायला.

मग एकदा, शेवटच्या आकारावर थांबलो होतो,
तर पाचवीच कुणी गायला लागली.
बारीक. वर. स्लॅबला घासून.
प्रमिलाने मागे वळून पाहिलं,
स्कूटरी, पाण्याचा टँकर, झोपलेलं मांजर.
गाणं सुटलं आणि तीही गेली.
हेमांगी हळूच म्हणाली, स्वयंभू गंधार.
तिचे आजोबा सांगायचे, तानपुरा खरा लागला
की न छेडलेला स्वर आपसूक बोलतो.
तारांमधून, असं सांगायचे.
बायकांचं काही बोलले नव्हते.

गेल्या मंगळवारी वीज गेली.
सात मजल्यांचे पंखे एकामागून एक थकले,
लिफ्टमध्ये कुणीतरी दार बडवलं,
आणि डीपी गप्प.
तेव्हा कळलं तो किती मोठ्याने गात होता.
अंधारात तिघी माझ्याकडे वळल्या.
दिसलं नाही, मानेवर जाणवलं.
मी धरला.
पोटातून, जिथे तो छत्तीस वर्षं दडपून बसला होता तिथून.
कुणी येऊन उभं राहिलं जिन्यात,
कुणी कुणाला शूऽऽ केलं.
आम्ही सगळं म्हटलं, येत होतं तेवढं,
मग येत नव्हतं तेही.

वीज आली तेव्हा आकार चालूच होता.
डीपीने सूर लावला
आणि चौघींनाही एकदमच समजलं:
आम्ही केसभर उतरलो होतो.
चौघीही. सारख्याच.
एकमेकींशी बिनचूक,
आणि त्याच्या-आमच्या मधल्या फटीत
हवा थरथरत होती, बंद काचेवरच्या माशीसारखी.

थांबायला हवं होतं. मी रेजिनाकडे बघितलं.
ती वरच्या सुरावर होती, डोळे मिटून, हसत.
प्रमिलाने तेवढ्यात श्वास चोरून घेतला आणि म्हणाली,
धरून ठेव गं.
येऊ दे त्याला खाली.